पाहिलं ते कुणाला सांगावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्षाची थंडी पडली, की आपल्या खानदेशाला दत्तजयंतीचे वेध लागतात. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. गावोगावच्या दत्तमंदिरांत सप्ताह बसतात, गुरुचरित्राची पारायणं सुरू होतात. त्या सात दिवसांत एक दिवस तरी कीर्तनकार बुवा अवधूताच्या चोवीस गुरूंवर बोलतात. पृथ्वीपासून सुरुवात होते, वारा, आकाश, पाणी, अग्नी असं करत करत गाडी पुढे सरकते आणि हरणापर्यंत पोहोचेस्तोवर रात्रीचे दहा वाजलेले असतात. मग हरणाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. शिकाऱ्याच्या गाण्याला भुललं, जागच्या जागी उभं राहिलं, प्राणाला मुकलं; म्हणून साधकानं कानाच्या सुखाला बळी पडू नये. एवढं सांगून बुवा माशाकडे वळतात.

हा बोध खराच आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूतानं तोच सांगितला, आणि नाथमहाराजांनी काशीत बसून शके १४९५ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात तो आपल्या मराठीत आणला. पण यंदा माझं मन हरणाच्या पुढे जायला तयार होईना. त्या गोष्टीत हरणाशिवाय आणखी एक जण उभा आहे, त्याच्याकडे आपण कधी नीट पाहतच नाही. तो म्हणजे गाणारा शिकारी.

विचार करा, त्या शिकाऱ्याला हरणाची किती माहिती असेल! ते कुठल्या वाटेनं येतं, किती वाजता येतं, कुठल्या सुरावर थबकतं, वारा कुणीकडून असला की त्याला माणसाचा वास लागतो. हरणाच्या आईलाही नसेल इतकी हरणाची माहिती त्याला आहे. तरीही तो चोवीस गुरूंत नाही. अवधूतानं पिंगला नावाच्या वेश्येला गुरू केलं, अजगराला आणि सापाला गुरू केलं. बाण घडवण्यात रंगून गेलेल्या कारागिरालाही केलं. पण तो बाण ज्याच्या हातात जाणार, त्याला केलं नाही. कबुतरांच्या गोष्टीत जाळं टाकणारा शिकारी येतो, हरणाच्या गोष्टीत गाणारा येतो. दोघंही येतात आणि गुरू न होताच जातात.

असं का असेल? माणूस धंद्यानं शिकारी, म्हणून हीन, असं तर आपलं शास्त्र म्हणत नाही. मिथिलेचा धर्मव्याध मांस विकायचा आणि त्यानं तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवला, ही कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. मग हरणाची एवढी माहिती असलेला माणूस शिकवण्याच्या लायकीचा का ठरू नये? दुसऱ्या जिवाबद्दल आपल्याला काही कळलं, तर त्या कळण्याबरोबर आपल्यावर काही जबाबदारी येते का? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो माझ्या पुतण्यानं माझ्यापुढे आणून ठेवला.

माझा पुतण्या शिरपूर तालुक्यात शेती करतो. त्याच्या शिवारापासून अनेर धरणाचं अभयारण्य जवळ आहे. सुमारे त्र्याऐंशी चौरस किलोमीटरचं हे रान १९८६ साली अभयारण्य झालं. सातपुड्याच्या पायथ्याचं झुडपी जंगल, मधून वाहणारी तापीची लेक अनेर, आणि त्यात भेकर, चिंकारा, ससे, साळिंदर, रानडुकरं. जनावरांना अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. हरभरा घाटे धरायला लागला, की ती बांध ओलांडतात. पुतण्याच्या शेतात दोन वर्षं लागोपाठ नासधूस झाली. कोण येतं ते कळेना. रोही म्हणावी तर माग बारीक, डुक्कर म्हणावं तर उकराउकर नाही.

शेवटी त्याच्या मुलानं एक कॅमेरा मागवला. खाकी रंगाची डबी, पट्ट्यानं बाभळीच्या खोडाला बांधायची. समोरून ऊब असलेला जीव हलला, की आतल्या यंत्राला ते समजतं आणि आपोआप फोटो निघतो. रात्री डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकून काढतो, त्यामुळे लखलखाट नाही, की आवाज नाही. फोटोच्या खाली एक पट्टी येते. तीत तारीख, वेळ, त्या वेळची थंडी आणि चंद्राची कला, सगळं आपसूक छापलेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला. रोहीही येत होती, डुकरंही येत होती. पण त्यांच्याशिवाय पहाटेच्या वेळी बांधालगतच्या पायवाटेनं एक चिंकारा मादी यायची, आणि तिच्या मागे पाडस. घरातल्या बायकापोरांना कोण आनंद झाला! मुलानं तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो भावकीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून कुठे कुठे. मलाही धुळ्यात देवपूरला बसल्या बसल्या तो तीन ठिकाणांहून आला. मीही नातवंडांना दाखवला.

आठ दिवसांनी पुतण्याकडे एक गृहस्थ आले. ओळखीचे. हंगामात मळणी यंत्र उधारीवर देतात, पैशासाठी कधी तगादा लावत नाहीत. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "रोज त्याच वेळेला येते का ती? वाट तीच का? चांदण्यात येते, का अंधारातच?" पुतण्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यानं "पाहून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री मला फोन केला.

"नाना," तो म्हणाला, "मी कोठे मारी ऱ्हायनू? मी ते फक्त फोटू दखाडा ना. वेळ सांगी दिधी ते माले पाप लागी का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न सोपा नव्हता. त्याचं मळणी यंत्र त्या माणसाच्या हातात होतं. हरभऱ्याचं नुकसान खरं होतं. आणि 'मी मारत नाही, मी फक्त सांगतो' हे वाक्य आपण सगळेच आयुष्यात कधी ना कधी म्हणत असतो.

हे कॅमेरे मुळात कशासाठी निघाले, तेही सांगायला हवं. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. सरकार परवाने देतं, दिवस ठरवून देतं. हंगामाच्या कित्येक आठवडे आधी शिकारी रानात जाऊन झाडांना हे कॅमेरे बांधतात. कुठल्या वाटेनं मोठ्या शिंगांचा नर जातो, किती वाजता पाण्यावर येतो, याची टिपणं होतात. आता तर फोटो थेट घरी बसलेल्या माणसाच्या फोनवर येतो. हंगाम उघडला, की शिकारी जाऊन त्याच जागी, त्याच वेळेला बसतो. गंमत अशी, की याचं कोडं खुद्द शिकारी लोकांनाही पडलं. जनावराला निसटण्याची संधीच उरली नाही, तर त्याला शिकार तरी का म्हणायचं, असा वाद तिथे झाला. ॲरिझोना राज्यानं १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी असे कॅमेरे लावायला बंदीच केली. मारण्याची परवानगी ठेवली, पण अशा पाळतीची काढून घेतली. मारणाऱ्यांनाही कुठेतरी वाटलं, की एवढं माहीत असणं न्यायाचं नाही.

आपल्याकडे हंगामच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, चिंकारा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्या शिकारीला किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. आणि पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलेलं आहे. जो गुन्ह्याला साहाय्य करतो, त्यानंही तो गुन्हा केला असं धरावं, असं एक कलम त्यात आहे. पण पुतण्यानं मला कायदा विचारला नव्हता. कायद्याची भीती संपते तिथून पुढचं त्यानं विचारलं होतं.

खानदेशात या गोष्टीला जुना शब्द आहे, खबर. इंग्रजी अमदानीत साहेब शिकारीला निघायचा तो खबर आल्यावर. १८२५ साली आउट्रम नावाचा अधिकारी इथे भिल्ल पलटण उभी करायला आला. दहाएक वर्षांत दोनशेच्या घरात वाघ त्याच्या शिकारीत पडले. साहेबाच्या बंदुकीचं कौतुक पुस्तकांत झालं. पण सातपुड्याच्या घळीतला वाघ साहेबाला कसा दिसणार? रान ज्यांच्या तळहातावर होतं अशा माणसांनी माग काढून दाखवला, म्हणून तो दिसला. ती माणसं साहेबाच्या सत्तेखाली होती, पोटासाठी करत होती, त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मुद्दा एवढाच, की बंदुकीच्या आधी खबर जाते. गोळी एका क्षणाचं काम करते. त्याच्या आधीचं सगळं काम खबरीनं केलेलं असतं.

पण म्हणून कॅमेरा वाईट का? तसंही नाही. त्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात, शिवालिकच्या जंगलात, चॅम्पियन नावाचा एक वन अधिकारी होता. वाघाच्या वाटेवर तो तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला, की त्याचा फोटो निघायचा. बंदुकीपेक्षा हे बरं, असं त्यानं १९२७ साली पुस्तक लिहून सांगितलं. पुढे जिम कॉर्बेटसारख्या शिकाऱ्यालाही कॅमेऱ्याची वाट धरावीशी वाटली, त्यात या माणसाच्या फोटोंचा वाटा होता. आज देशातली वाघांची गणना याच कॅमेऱ्यांवर चालते. एका जागी समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यातले ७६,६५१ वाघांचे होते. एवढं पाहिलं, म्हणून तर वाघाला राखता आलं.

म्हणजे यंत्र तेच. एकानं मारण्यासाठी लावलं, दुसऱ्यानं राखण्यासाठी. इथे आपण चटकन म्हणतो, 'सुरी भाजीही कापते आणि गळाही कापते, दोष सुरीचा नाही, हाताचा.' हे खरं आहे, पण यानं माझं समाधान होत नाही. कारण पुतण्याच्या घरात कुणाचाच हात वाईट नव्हता. मुलानं कौतुकानं फोटो टाकला, भावकीनं कौतुकानं पुढे पाठवला, मी कौतुकानं नातवंडांना दाखवला. कुणाच्याही मनात पाप नव्हतं आणि तरी ती मादी कुठल्या वाटेनं, किती वाजता, कुठल्या तिथीला येते, ही खबर तालुकाभर गेली. पट्टीवर सगळं छापलेलं होतं. आम्ही हरीण पाहिलं, त्या गृहस्थांनी पट्टी वाचली.

पूर्वी राखणदार माळ्यावर बसायचा. हातात गोफण, शेजारी शेकोटी. तो रानाला पाहायचा तसं रानही त्याला पाहायचं. जनावराला कळायचं, की इथे माणूस आहे. त्याच्या हाळीत एक सांगणं असायचं, 'मी जागा आहे, तू जा.' बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजणाऱ्यांना विचारा. डास खातात, पाय आखडतात, खोकला दाबून ठेवावा लागतो, आणि पहाटे कधीतरी एखादं भेकर येऊन पाणी पिऊन जातं. ज्यानं ते रात्रभर जागून पाहिलं, तो ते कुणाला सहजासहजी सांगत नाही. त्या पाहण्याला त्यानं किंमत मोजलेली असते. कॅमेऱ्यानं पाहिलेलं आपल्याला फुकट मिळतं. आणि फुकट मिळालेलं आपण फुकटच वाटतो. यंत्राचा दोष असेल तर इतकाच, पण तो लहान नाही.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येतो. मी पुतण्याला एक जुनी गोष्ट सांगितली. कर्णपर्वात अर्जुन प्रतिज्ञेच्या भरात धर्मराजावर शस्त्र उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला दोन माणसांच्या गोष्टी सांगतात. एक बलाक नावाचा व्याध. म्हाताऱ्या आईबापांसाठी आणि बायकामुलांसाठी शिकार करायचा, मनात द्वेष नसायचा. एकदा त्यानं पाणी पिणारं एक आंधळं श्वापद मारलं. ते सगळ्या जिवांच्या नाशासाठी निपजलेलं होतं, हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याच्यावर फुलं पडली आणि तो स्वर्गाला गेला. दुसरा कौशिक नावाचा ब्राह्मण, नद्यांच्या संगमावर राहणारा. काहीही झालं तरी खरंच बोलायचं, असं त्याचं व्रत. एकदा लुटारूंच्या भयानं माणसं पळत येऊन त्याच्याजवळच्या रानात लपली. मागोमाग लुटारू आले. म्हणाले, 'तू सत्यवादी आहेस. सांग, ती कुठल्या वाटेनं गेली?' कौशिकानं खरं ते सांगितलं. लुटारूंनी त्या माणसांना गाठलं आणि मारलं. कौशिकानं कुणाला बोटही लावलं नव्हतं. एक शब्द खोटा बोलला नव्हता. तरी तो नरकात गेला.

मारणारा स्वर्गात आणि सांगणारा नरकात! पहिल्यांदा ऐकताना हा उलटा न्याय वाटतो. यातून कुणी शिकारीचं समर्थन काढू नये. बलाकाची गोष्ट त्यासाठी नाही. पण कौशिकाचं चुकलं कुठे? त्यानं आपल्या सत्याकडे पाहिलं, विचारणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं नाही. त्याला वाटलं, आपलं काम खरं बोलून संपलं. पुढे त्या शब्दाचं काय होतं, हा दुसऱ्याचा प्रश्न. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, की अशा जागी आधी बोलणंच टाळावं. न बोलण्यानं भागत असेल तर गप्प राहावं.

आणि तो मिथिलेचा धर्मव्याध आठवा. तोही स्वतः मारत नव्हता, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकायचा. पण 'मी कुठे मारतो?' असं म्हणून तो सुटला नाही. आपलं कर्म घोर आहे, हे त्यानं स्वतःच ब्राह्मणाला सांगून टाकलं. मला वाटतं, तो गुरू झाला याचं कारण इथेच आहे. आपला हात कुठपर्यंत पोहोचतो, हे त्याला ठाऊक होतं. हरणापुढे गाणाऱ्याला हरणाची सगळी माहिती होती, पण स्वतःच्या हाताची नव्हती.

पुतण्या म्हणाला, "ते पटतं नाना. पण तुम्ही धुळ्यात राहता. हरभरा माझा जातो."

हे त्यानं बरोबर म्हटलं, आणि मी ते इथे लपवत नाही. दया शहरात स्वस्त असते. ज्याच्या दादरीची कणसं रात्रीत जमीनदोस्त होतात, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला भूतदयेचं प्रवचन देणं सोपं आहे. आपल्या अंकाच्या वाचकांत निम्मे तरी जमिनीवाले असतील, त्यांना हे मी सांगायला नको. पण म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. शेतकऱ्यानं आपलं पीक राखणं ही एक गोष्ट. त्यासाठी कुंपण आहे, राखण आहे, नुकसान झालं तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा आणि भरपाई आहे. रोही, रानडुकरासारखं जनावर फारच उपद्रवी झालं, तर लेखी परवानगीनं त्याचा बंदोबस्त करण्याची तरतूदही कायद्यात आहे. ती वाट कठीण असेल, वेळखाऊ असेल, पण त्या कागदावर आपलं नाव असतं. जे केलं ते मी केलं, असं तिथे लिहून द्यावं लागतं. चहा पिता पिता कुणाच्या तरी कानात वेळ सांगणं ही दुसरी गोष्ट. तिथे नाव कुणाचंच नसतं. मारणारा म्हणतो, मला कळलं म्हणून गेलो. सांगणारा म्हणतो, मी फक्त सांगितलं. पाडस आईविना राहतं आणि केलं मात्र कुणीच नाही. अशा कर्माचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडायचा? मला वाटतं, तो प्रत्येकाच्या खात्यावर पुरता मांडला जातो. वाटून घेतल्यानं पाप कमी होत नाही.

पुतण्यानं त्या गृहस्थांना "मी सांगणार नाही" एवढंच सांगितलं. खोटं बोलला नाही, भांडला नाही, उपदेशही केला नाही. यंदा मळणी यंत्र उधारीवर मिळायचं नाही, हे त्याला ठाऊक आहे. रोख पैसे देऊन दुसरीकडून आणावं लागेल. त्याची बायको म्हणाली, "आणू. तेवढ्यानं काही घर बसत नाही." मग त्यानं वनरक्षकाला कळवलं. कॅमेरा पायवाटेवरून काढून पिकाच्या बाजूला वळवला. आणि बाप-लेक आळीपाळीनं रात्री माळ्यावर बसायला लागले, बॅटरी घेऊन, बोलत, खोकत, गाणी लावून. त्यामुळे रोही लांब राहतात, आणि माणसं जागी आहेत म्हटल्यावर दुसरेही लांब राहतात. ती मादी मात्र त्यानंतर दिसलेली नाही. माणसाच्या चाहुलीनं तिनं वाट बदलली असेल. तसंच असेल, असं आम्ही धरून चाललो आहोत. आता ती कुठून जाते हे आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच बरं वाटतं.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या शेतात चिंकारा येत नसेल. पण आपण सगळे आता वयाच्या अशा टप्प्यावर आहोत, की आपला पुष्कळसा वेळ पाहण्यातच जातो. ओट्यावर, गॅलरीत, देवळाच्या पारावर बसून आपण पाहतो. कुणाची मुलगी उशिरा येते, कुणाच्या दारात बँकेचा माणूस उभा होता, कुणाच्या घरातून रात्री आवाज येतात, कुणी शेत विकायला काढलं. त्यात भर म्हणून दारोदारी कॅमेरे बसले आणि हातात फोन आले. आपल्या मनात वाईट नसतं. बोलण्याच्या ओघात आपण सांगून जातो. पण ऐकणाऱ्यांत कुणी एक जण पट्टी वाचणारा असतो. त्या मुलीची वेळ, त्या कर्जबाऱ्याची अडचण, त्या विकाऊ शेताची घाई त्याला उपयोगी पडते. आणि पुढे काही झालं, तर आपण कौशिकासारखे स्वच्छ हात दाखवतो.

म्हणून पुतण्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो. पाहिलेलं सांगायच्या आधी ते खरं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ऐकणारा त्याचं काय करणार आहे, हेही विचारावं. डॉक्टरला सांगितलं तर माणूस वाचेल, पोलिसाला सांगितलं तर गुन्हा टळेल, तिथे गप्प बसणं हेच पाप. राखण्यासाठी विचारणाऱ्याला जरूर सांगावं, चटकन सांगावं. पण ज्याच्या विचारण्यात शिकार आहे, त्याच्यापुढे आपलं खरेपण मिरवू नये.

आपण देवाला साक्षी म्हणतो. तो सगळं पाहतो असं मुलांना धाक घालायला सांगतो. पण त्याच्या साक्षीपणाची दुसरी बाजू आपण विसरतो. आपल्या प्रत्येकाच्या पायवाटा त्याला ठाऊक आहेत, आपण कुठे थबकतो, कशाला भुलतो, कुठल्या अंधारात कुठे जातो, सगळं. चुगली म्हणून त्यातलं एक अक्षरही तो आपल्या शेजाऱ्याला सांगत नाही. एवढं पाहून एवढं पोटात ठेवणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. दत्तगुरूंच्या पायाशी गाय उभी आहे आणि चार श्वानं निर्धास्त बसली आहेत, ती मला वाटतं याच विश्वासावर. त्यांनी पाहिलेलं जीव राखण्यासाठीच पाहिलेलं असतं.

या जयंतीला पाळण्याची दोरी ओढताना एवढंच मागू या, की महाराज, डोळे दिलेत तसं पोटही द्या, पाहिलेलं ठेवायला.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥